मोरियार्टी जेवतो कधी?

झालं असं, की दोन-अडीच महिन्यांपूर्वी मला रहस्यकथा लिहायची हुक्की आली. एका मित्राच्या ओळखीने दिवाळी अंकात जागा मिळेल असं वाटत होतं. शिवाय आठवडाभर दुसऱ्यांनी कोडमध्ये घातलेले घोळ निस्तरत बसण्यापेक्षा एकदा आपणच एखादा घोळ रचावा, हेही बरेच दिवस मनात होतं. सलग चार शनिवार-रविवार बसून तीस पानं खरडली. खलनायक तर काय विचारू नका! इंजिनियरिंगचा सुवर्णपदक विजेता, सहा भाषा बोलणारा, कुठलीही सिस्टिम वीस मिनिटांत फोडणारा. पोलीस पुढच्या दाराशी यायच्या आत हा मागच्या दाराने पसार. शेवटी तर चक्क हेलिकॉप्टरने. मी त्याच्यावर जाम खूश होतो.

पहिले वाचक म्हणजे आमचे काका. खरं तर आत्याचे यजमान, पण आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. एका बँकेच्या तपासणी खात्यात उभी नोकरी झाली त्यांची. शाखाशाखांमधून फिरायचं, खतावण्या तपासायच्या आणि रिपोर्ट लिहायचे. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं लायब्ररीतून आणून एका बैठकीत संपवणारी ही पिढी. झुंजार, धनंजय, काळा पहाड हे त्यांचे जवळजवळ शाळूसोबती. म्हटलं, यांना नक्की आवडणार.

काकांनी दोन दिवसांत कागद परत केले. चष्मा काढला आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे रे. पण हा माणूस जेवतो कधी?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"नाही, खरंच विचारतोय. याचं घरभाडं कोण भरतं? याला कधी कुणाचा फोन येत नाही का? आणि दर पानावर तू लिहितोस, हा अतिशय हुशार होता. अरे, मला तो एकदाही हुशारी करताना दिसला नाही. तू सांगतोस म्हणून मी मान डोलावायची का?"

मला राग आला. खरं बोललं की येतोच. मी म्हटलं, "काका, मग प्रोफेसर मोरियार्टीचं काय? तो तरी कुठे जेवतो? त्याला शंभर वर्षं लोक मानतातच ना?"

"मग बघ की जरा," काका म्हणाले. "तो कुठून आला ते बघ."

तर मंडळी, पुढचे काही वीकांत या बघण्यात गेले. त्याची ही गोष्ट.

आर्थर कॉनन डॉयलने मोरियार्टीला जन्माला घातलं ते १८९३ साली, 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत. जन्माला घालण्याचं कारणही एकच. डॉयलला होम्सचा कंटाळा आला होता. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या आणि होम्स त्याचा सगळा वेळ खात होता. होम्सला मारायचं, तर तो घसरून पडून किंवा न्यूमोनियाने मेलेला वाचकांना चालला नसता. त्याच्या तोडीचा कुणीतरी हवा. म्हणून मोरियार्टी. आमच्या भाषेत सांगायचं तर एका रिलीजपुरतं लिहिलेलं स्क्रिप्ट. काम झालं की डिलीट!

आता ती कथा पुन्हा वाचून बघा. मोरियार्टी गणिताचा प्रोफेसर आहे, एकविसाव्या वर्षी त्याने बायनॉमिअल थिअरमवर प्रबंध लिहिलाय, लंडनमधल्या अर्ध्याअधिक गुन्ह्यांमागे तोच आहे, जाळ्याच्या मधोमध बसलेल्या कोळ्यासारखा. हे सगळं कोण सांगतं? होम्स. ते दोघे समोरासमोर येऊन बोलतात, तेही आपल्याला होम्सच सांगतो. वॉटसनला तो दिसतो म्हणजे किती, तर स्टेशनवर गर्दीतून वाट काढणारा एक उंच माणूस. त्याने केलेला एकही गुन्हा आपल्याला सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघायला मिळत नाही. म्हणजे काकांचा मुद्दा इथेही लागू होता. मोरियार्टी हुशार आहे असं होम्स म्हणतो, आणि होम्सवर आपला विश्वास असतो म्हणून आपण मान डोलावतो. माझ्या कथेत होम्स नव्हता, त्यामुळे माझी उधारी कुणी मान्य करेना.

गंमत म्हणजे मोरियार्टीच्या मागे खरी माणसं आहेत. आणि ती जेवणारी आहेत :)

पहिला जोनाथन वाइल्ड. 'द व्हॅली ऑफ फिअर' या कादंबरीत होम्स स्वतःच मोरियार्टीची तुलना या वाइल्डशी करतो. (तिथे होम्स त्याचा काळ १७५०च्या आसपासचा सांगतो. प्रत्यक्षात वाइल्डला १७२५ सालीच फाशी झाली होती. होम्ससुद्धा चुकतो, तेवढंच आपल्याला समाधान.)

वाइल्डच्या काळात लंडनला आज आपण म्हणतो तसं पोलीस खातं नव्हतं. ते आलं १८२९ साली. तुमच्या घरी चोरी झाली तर चोर तुम्हीच शोधायचा. चोर पकडून देणाऱ्यांना सरकार बक्षीस द्यायचं, दरोडेखोराला शिक्षा झाली तर ४० पौंड. वाइल्ड हा असाच चोर पकडून देणारा. पण त्याला या व्यवस्थेत एक फट दिसली. लोकांना चोर नको असतो, आपली वस्तू परत हवी असते. घड्याळ, वह्या, लेस, वडिलांची तलवार. बाजारात त्या वस्तूला जी किंमत मिळेल त्यापेक्षा जास्त पैसे मालकच देतो.

मग त्याने काय करावं? त्याच्या ताब्यातले चोर चोरी करत. माल त्यांच्याकडेच राही, वाइल्ड त्याला हातही लावत नसे. त्यामुळे चोरीचा माल बाळगल्याचा कायदा त्याला लागू होईना. मालक हवालदिल होऊन त्याच्या कचेरीत येई. हा सगळं शांतपणे लिहून घेई, आणि काही दिवसांनी माल 'सापडे'. जो चोर ऐकेनासा होई, त्याला हाच पकडून फासावर पाठवी आणि वर सरकारी बक्षीस घेई. दोन्हीकडून कमाई. आणि लोकांच्या लेखी हा त्यांचा तारणहार!

यात कुठे सहा भाषा आहेत? कुठे बायनॉमिअल थिअरम आहे? एक फट आहे आणि ती बरोबर दिसेल अशा जागी बसलेला एक माणूस आहे. आपल्या धंद्यात ज्यांनी थोडी वर्षं काढली आहेत त्यांना हे लगेच कळेल. सिस्टिममधली भोकं जगातल्या सर्वांत बुद्धिमान माणसाला सापडत नाहीत. रोज त्याच स्क्रीनवर आठ तास बसणाऱ्याला सापडतात.

१७१८ साली पार्लमेंटने कायदा केला. चोराला पकडून न देता चोरीचा माल परत मिळवून देण्याचे पैसे घेतले, तर तोही गुन्हा. लोक त्याला जोनाथन वाइल्डचाच कायदा म्हणू लागले. म्हणजे खास याच्यासाठी सरकारने पॅच काढला. वाइल्डने मात्र फक्त पद्धत थोडी बदलली आणि धंदा चालू ठेवला. १७२४ साली त्याच्याच हाताखालच्या एका जुन्या चोराने त्याच्या गळ्यावर चाकू चालवला. त्यातूनही तो वाचला. पुढच्या फेब्रुवारीत मात्र त्याला अटक झाली. आता पुढचं ऐका. न्यूगेटच्या तुरुंगात असताना त्याने एका बाईची चोरीला गेलेली लेस परत मिळवून दिली आणि त्याबद्दल १० गिनी घेतल्या. तुरुंगात बसून! खटला उभा राहिला तेव्हा लेस चोरल्याच्या आरोपातून तो सुटला, पण या १० गिनींनी त्याला फासावर नेलं. जो कायदा सात वर्षं त्याच्या नावाने ओळखला जात होता, त्याच कायद्याखाली.

ही गोष्ट मी माझ्या कथेत घातली असती तर संपादक म्हणाले असते, इतका हुशार माणूस असा मूर्खपणा करेलच कसा? पण तो मूर्खपणा नव्हता. सात वर्षं जे चाललं ते आजही चालेल, ही सवय होती. हुशारी एकदा सवयीची झाली की माणूस तिला तपासायचं सोडून देतो.

दुसरा माणूस अॅडम वर्थ. मोरियार्टी याच्यावरून बेतला असं बरेच जण मानतात. याला गुन्हेगारी जगातला नेपोलियन म्हणत, आणि होम्सही मोरियार्टीला तीच पदवी देतो.

वर्थ जन्मला १८४४ साली जर्मनीत आणि लहानपणीच अमेरिकेत आला. यादवी युद्धात सैन्यात गेला. १८६२ साली लढाईत जखमी झाला, आणि दवाखान्यात असताना त्याला कळलं की कागदोपत्री आपण मेलोय. दुसरा कुणी असता तर धावत जाऊन चूक दुरुस्त करून घेतली असती. वर्थला तीच फट वाटली. सैन्यात भरती होणाऱ्याला तेव्हा रोख रक्कम मिळत असे. हा नवं नाव सांगून भरती व्हायचा, पैसे घ्यायचा आणि पळून जायचा. पुन्हा दुसरीकडे दुसरं नाव. बघा, त्याची पुढची सगळी कारकीर्द या एका प्रसंगात आहे. नाव आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्याला अठराव्या वर्षी एका कारकुनाच्या चुकीने शिकवलं.

१८६९ साली बॉस्टनमध्ये त्याने आणि साथीदारांनी एका बँकेच्या शेजारची जागा भाड्याने घेतली. तिथे टॉनिक विकायचं दुकान थाटलं, खिडकीत बाटल्या रचल्या, आणि मागे भिंत फोडून तिजोरी रिकामी केली. मग युरोप. पॅरिसमध्ये बार काढला, वर जुगाराचा अड्डा. नंतर लंडन. तिथे हा हेन्री रेमंड नावाने सभ्य गृहस्थ म्हणून राहू लागला. (हे नाव न्यूयॉर्क टाइम्सच्या संस्थापक संपादकाचं. तो नुकताच वारला होता. चोरीसुद्धा प्रतिष्ठित नावाची!) कामं मध्यस्थांमार्फत चालायची, खालच्या माणसांना वर कोण आहे याचा पत्ता नसायचा. मारामारी-खून याला मंजूर नव्हतं. मोरियार्टीचं जाळं ते हेच.

मग १८७६ साल आलं. वर्थचा भाऊ खोट्या चेकच्या भानगडीत लंडनच्या तुरुंगात होता. त्याला जामिनावर सोडवायला एखादा प्रतिष्ठित माणूस जामीन राहायला हवा. चोराला प्रतिष्ठित माणूस कुठून मिळणार? त्याच वेळी लंडनमध्ये एका चित्राची प्रचंड चर्चा होती. गेन्सबरोने काढलेलं डचेस ऑफ डेव्हनशायरचं चित्र. अॅग्न्यू नावाच्या चित्रांच्या व्यापाऱ्याने ते लिलावात १०,१०० गिनींना घेतलं होतं, आणि तोपर्यंत लिलावात एवढी किंमत कुठल्याच चित्राला आली नव्हती. वर्थने हिशोब मांडला. चित्र पळवायचं, आणि ते परत हवं असेल तर माझ्या भावाला जामीन राहा, असं अॅग्न्यूला सांगायचं. मे महिन्यातल्या एका रात्री साथीदाराच्या खांद्यावर चढून तो खिडकीतून आत शिरला आणि चौकटीतून चित्र कापून घेतलं. प्लॅन बिनचूक पार पडला.

आणि त्याच सुमारास भावाच्या वकिलाने एक कायदेशीर मुद्दा काढून त्याला सोडवलं.

झालं. हातात जगातलं सर्वांत गाजलेलं चित्र, आणि त्याचा उपयोग शून्य. विकता येत नाही, कारण सगळं जग ओळखतं. साथीदार पैसे मागायला लागले. त्यातल्या एकाने तर त्याला दारूच्या गुत्त्यात बोलावून पोलिसाच्या देखत चित्राबद्दल बोलतं करायचा घाट घातला. शहाण्या माणसाने चित्र जाळून टाकलं असतं, नाहीतर गुपचूप परत केलं असतं. वर्थने ते ठेवलं. एक-दोन नाही, जवळजवळ पंचवीस वर्षं. ट्रंकेत घालून समुद्रापार नेलं, अमेरिकेतल्या गोदामांत ठेवलं, पण सोडलं नाही. दरम्यान १८९२ साली बेल्जियममध्ये दोन नवशिक्यांना घेऊन त्याने घाईघाईत पैशांची गाडी लुटली आणि पकडला गेला. सात वर्षांची शिक्षा झाली. १८९७ साली सुटला तेव्हा संसार मोडला होता, बायको वेड्यांच्या इस्पितळात होती, मुलं अमेरिकेत भावाकडे. शेवटी ज्या पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीने त्याचा आयुष्यभर माग काढला, तिच्याच विल्यम पिंकर्टनकडे तो आपण होऊन गेला आणि सगळी हकिकत सांगितली. १९०१ साली शिकागोत चित्र मालकांना परत मिळालं. पुढच्याच वर्षी वर्थ लंडनला वारला, आणि पुरला गेला तो रेमंड याच नावाने. त्याचा मुलगा पुढे पिंकर्टनांकडेच डिटेक्टिव्ह झाला!

त्याने चित्र का ठेवलं? यावर लोकांनी तऱ्हेतऱ्हेचे तर्क केलेत. मला इतकंच दिसतं, की ज्याची सगळी विद्या 'मोह नको, पुरावा नको, नाव नको' यावर उभी होती, त्याने एक वस्तू अशी ठेवली जी पुरावाही होती आणि मोहही. त्याची हुशारी कुठे संपते ते तिथे बोट ठेवून दाखवता येतं. आणि नेमकी तिथेच मला त्या माणसाबद्दल खात्री वाटायला लागली.

आता पुन्हा डॉयलकडे येऊ. 'द व्हॅली ऑफ फिअर' १९१४ साली मासिकातून यायला लागली. पहिल्या कथेनंतर तब्बल २१ वर्षांनी मोरियार्टीचा पॅच रिलीज! (बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीची मात्र वाट लागली. पहिल्या कथेत वॉटसनने मोरियार्टीचं नावही ऐकलेलं नाही, आणि तिच्याआधी घडणाऱ्या या कादंबरीत तो त्याला चांगला माहीत आहे.) यात मोरियार्टी जवळजवळ नाहीच, पण दोन छोट्या गोष्टी आहेत. एक पोलीस इन्स्पेक्टर त्याला भेटून आलेला असतो. बोलणं ग्रहणांवर गेलं, तेव्हा प्रोफेसरांनी दिवा आणि पृथ्वीगोल घेऊन मिनिटभरात सगळं समजावून दिलं, निघताना वडीलधाऱ्यासारखा खांद्यावर हात ठेवला, असं तो सांगतो. इन्स्पेक्टर खूश. आणि दुसरी गोष्ट, प्रोफेसरांच्या मागे भिंतीवर एक चित्र आहे. ग्रझ या फ्रेंच चित्रकाराचं. होम्स विचारतो, वर्षाला ७०० पौंड पगार असलेल्या मास्तराकडे एवढं महागडं चित्र आलं कुठून?

बस्स. ग्रहण समजावणारा शिक्षक, आणि न परवडणारं चित्र. एकात त्याची हुशारी आपण काम करताना बघतो, दुसऱ्यात ती कुठे संपते ते कळतं. कोळी आणि जाळं यांनी जे झालं नाही, ते या दोन ओळींनी झालं.

हे सगळं मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बराच वेळ गप्प बसले आणि एक गोष्ट सांगितली, जी मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती.

एका शाखेत एक क्लार्क होता. अकरा वर्षांत त्याने सलग दोन दिवस रजा घेतली नव्हती. सकाळी सगळ्यात आधी हजर, संध्याकाळी सगळ्यात शेवटी बाहेर. काका तपासणीला गेले की दुपारी एक वाजता डबा उघडून आधी त्यांच्यापुढे करायचा. काकांनी रिपोर्टात लिहिलं, आदर्श कर्मचारी. पुढे त्याचे वडील गावी वारले. दिवस करायला त्याला कोकणात जावंच लागलं. त्याच्या टेबलावर बदली माणूस बसला आणि चौथ्या दिवशी एका खात्याचा हिशोब लागेना. वर्षानुवर्षं कुणी न फिरकलेल्या खात्यांतून तो पैसे काढत होता. कुणी अचानक पासबुक घेऊन आलं, की दुसऱ्या खात्यातून भर घालायचा. म्हणून तर रजा नाही. खुर्ची सोडली की संपलं.

"माझं प्रमोशन रखडलं त्याचं काही नाही," काका म्हणाले. "पण तो मुंडण केलेल्या डोक्याने परत आला ना, तेव्हा आम्ही तिघं त्याच्या टेबलापाशी उभे होतो. त्याने आमच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल? पिशवीतून बाराव्याचे लाडू काढून टेबलावर ठेवले. मी अकरा वर्षं हुशार चोर शोधत होतो रे. तो जेवतो कधी, हे मला माहीत होतं. रोज एक वाजता. भेंडीची भाजी छान असायची."

मला काय बोलावं ते सुचेना. 'जेवतो कधी' हा प्रश्न ते मला चेष्टेने विचारत नव्हते.

घरी येऊन हेलिकॉप्टर उडवून लावलं. सुवर्णपदक काढलं, सहा भाषांच्या दोन केल्या. आता माझा खलनायक एका कंपनीत पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दोनदा आलेलं प्रमोशन त्याने नाकारलंय, आणि सगळे म्हणतात, किती साधा माणूस आहे. दुपारी तो डबा खातो. काकांना कागद नेऊन दिले. या वेळी त्यांनी चार दिवस लावले.

"आता याला पकडता येईल," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि पकडताना वाईटही वाटेल."

दिवाळी अंकाची मुदत मात्र या सगळ्यात केव्हाच टळून गेली. असो. पुढच्या वर्षी बघू.